नॉर्वेच्या ट्रिपआधी, शॉपिंग सोडून

अगं, मेसेज वाचला. ओटीसीच्या (ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर) नॉर्वेतल्या रयुकान गावच्या बर्फ-क्लायंबिंग आणि स्कीच्या ट्रिपला तुझं नाव लागलं, एकदम मस्त! पण त्या गिअरच्या ज्या लिंका पाठवल्यास ना, त्यातलं आत्ता काहीच घेऊ नकोस. क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे दात), आईस टूल (बर्फात मारायची छोटी कुदळ), स्की, बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र), बूट यातलं युनिट काय देणार आणि भाड्याने काय घ्यायचंय ते आधी विचार. पैसे घालायचेच असतील तर हातमोज्यांवर घाल. चढायला एक पातळ जोड, खाली उभं राहून बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, एक जाड, आणि एक सुका जोड कायम जॅकेटच्या आत छातीशी.

पुण्यात असताना सह्याद्रीत केलेलं रॉक क्लायंबिंग कामाला येईल, पण एक सवय तिथेच सोडून ये. खडकावर बारीक होल्ड आला की आपण चवड्यावर जातो, टाच आपोआप वर. बर्फावर असं केलंस तर क्रॅम्पॉनचे पुढचे दात उचकटतात, मागच्या दातांचा आधार जातो आणि पोटऱ्या पेटतात त्या वेगळ्याच. टाच खाली, खाली म्हणजे अगदी वाटतं त्याहून खाली. आणि टूल मारताना आवाज ऐक. थप्प असा भरीव आवाज आला तर बसलंय, पोकळ आला किंवा बशीएवढा तुकडा सुटायला लागला तर तिथे परत परत ठोकत बसू नको, जागा बदल. शक्यतो आधीच्या माणसाने पाडलेलं भोक किंवा दोन फुगवट्यांमधली खाच शोध, ताकद वाचते. सुरुवातीला क्रोकान या बर्फ चढायच्या जागेच्या बाजूला टॉपरोपवर (वरून बांधलेल्या दोरावर) चढवतात बहुतेक, तेव्हा घाई नसते, भरपूर सराव करून घे. बिले देताना चढणाऱ्याच्या बरोबर खाली उभी राहू नको, बाजूला राहा, वरून बर्फ येतोच येतो.

हात डोक्याच्या वर राहिल्याने रक्त उतरतं आणि खाली आल्यावर ते परत भरताना जे दुखतं ना, बापरे, डोळ्यात पाणी येतं, काहींना मळमळतं. ते दुखणं चांगलं. काळजी कधी करायची, तर दुखायचं थांबलं आणि बोटं लाकडासारखी वाटायला लागली की.

आता खरा मुद्दा. ऑफिसर कॅडेट लोकांचा एक रोग असतो, कोणालाच पहिलं तोंड उघडायचं नसतं. सगळे एकमेकांना मनात मार्क देत असतात, कोण कणखर, कोण कच्चं. मी एका ट्रिपवर बघितलंय, एका पोराच्या पायाची बोटं दुपारपासून बधिर होती आणि हा गप्प, कारण पुढचा काही बोलत नव्हता, आणि पुढचा गप्प कारण इन्स्ट्रक्टर काही बोलत नव्हता. संध्याकाळी मोजे काढले तर बोटं मेणासारखी पांढरी. नशीब, इजा नुसती वरवरची होती. त्यामुळे तू बोल. टाचेला घासतंय, टेप लावायला थांबायचंय, हा उतार मला पटत नाहीये, असं साध्या आवाजात आणि लवकर बोल. तुझ्यामागे आणखी तिघं तेच बोलायला टपलेले असतात!

स्की टूरिंगला, म्हणजे स्की घालूनच डोंगर चढताना, तर हे जास्तच लागतं, कारण तिथे घाम हा शत्रू. निघतानाच थोडी थंडी वाजली पाहिजे, उबदार वाटत असेल तर एक थर काढ. पाय उचलून टाकू नको, स्की सरकव. वळणाची किक-टर्न (उभ्या जागी एकेक स्की उचलून वळणं) आधी सपाटीवर घोटून घे, नाहीतर चढावर सगळी लाइन तुझ्यासाठी थांबते. स्किन (चढताना स्कीखाली चिकटवायच्या पट्ट्या) काढल्या की घडी घालून जॅकेटच्या आत, गोंद गारठला की चिकटत नाही आणि मग पुढचा चढ म्हणजे नुसता वैताग.

हिमस्खलनाचं रोज सकाळी वार्सोम या नॉर्वेच्या इशाऱ्यांच्या साइटवर बघायचं, इंग्रजीत असतं. धोक्याची पातळी पाचपैकी 3 आली की पोरं म्हणतात 'मधलंच आहे ना'. नाही गं, 3 म्हणजे बऱ्यापैकी धोका, 30 अंशांच्या वरच्या उतारांपासून आणि त्यांच्या पायथ्यापासूनही लांब राहायचं. बीकन, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं तिन्ही प्रत्येकाकडे हवं, आणि फावड्याचा सराव टाळू नको. गाडलेल्या माणसाकडे साधारण पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात आणि बीकनने जागा सापडली तरी खणण्यातच वेळ जातो, हे कोणी लक्षातच घेत नाही.

एक दिवस हवा खराब होईलच, तेव्हा रयुकानजवळच्या वेमोर्कला जाऊन या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातला जड पाण्याचा (अणुसंशोधनाला लागणाऱ्या) कारखाना तिथे होता, आता तिथे म्युझियम आहे. नोव्हेंबर 1942 मध्ये तो उडवायला ब्रिटिश सॅपर्सना (सैन्यातल्या इंजिनिअरांना) ग्लायडरने पाठवलं होतं, दोन्ही ग्लायडर कोसळले, जे वाचले त्यांना जर्मनांनी मारून टाकलं. मग फेब्रुवारी 1943 मध्ये नॉर्वेजियन पोरांनी ते काम केलं. तुमच्या लेक्चरमध्ये धाडस वगैरे खूप सांगतील, ते आहेच, पण मला त्यातलं थांबणं आवडतं. या नॉर्वेजियन पोरांची पहिली चौघांची तुकडी अख्खा हिवाळा हार्डांगरविड्डाच्या पठारावर लपून राहिली, शेवाळ खाऊन, नाताळच्या सुमाराला एक रेनडिअर मिळालं तेव्हा कुठे पोटभर जेवली. दुसरी तुकडी पॅराशूटने उतरली आणि वादळ आलं तर काही दिवस सरळ झोपडीत बसून राहिली. लंडन वाट बघत होतं तरी! मग तुमच्या ट्रिपचा एखादा समिट हुकला, तिथल्या गाउस्टातोप्पेन डोंगराच्या अर्ध्यातून फिरलात, तर रडायचं कारण नाही.

रयुकान दरीत आहे, हिवाळ्यात गावात ऊन उतरतच नाही. 2013 पासून डोंगरावर आरसे लावून चौकात ऊन पाडतात. संध्याकाळी लवकर गारठतं, थर्मास भरलेला ठेव.

बूट ट्राय करायला जाशील तेव्हा ट्रिपला घालणार तेच मोजे घालून जा, पायाची नखं कापून जा, आणि दुकानात किमान वीस मिनिटं ते घालून फिर, पोरगा कंटाळला तरी. जिन्यावर सॅक घेऊन चढ-उतर आजपासून सुरू कर. बुटांचा फोटो पाठव.

— काका