मोठ्या बांधकाम प्रकल्पांवर लीन मॅनेजमेंट खरंच चालतं का? कुठला कोर्स करावा?

लीन म्हणजे वेळ, माल आणि मेहनत यांची नासाडी काढत काम करणं. चालतं, पण मुकादम मीटिंगला बसत असेल तरच.

पुण्याजवळचा बावीस मजली टॉवर. अकराव्या मजल्याचा स्लॅब शनिवारी भरायचा, असं ऑफिसातल्या बार चार्टवर, म्हणजे वेळापत्रकावर होतं. सेंट्रिंग झालं, लोखंड बांधून झालं, सकाळी सातला पहिला ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी, गेटवर. आणि वायरमनचे कॉन्ड्युट, म्हणजे स्लॅबमधून वायर न्यायचे पाइप, टाकायचेच राहिलेले! त्यांचा मुकादम बुधवारपासून सांगत होता, की पाइप आणि फॅनबॉक्स आलेले नाहीत. सांगत होता स्टोअरकीपरला, कारण त्याचं ऐकून घेणारा तेवढा एकच माणूस. रेडीमिक्स गाडीत भरल्यापासून दोन तासांत रिकामं व्हावं लागतं. आम्ही तीन गाड्या परत पाठवल्या. चाळीस माणसं दिवसभर बसून, हजेरी चालू. टोयोटाच्या ताइची ओनोंनी सात प्रकारची नासाडी सांगितली, त्यातली वाट बघणं ही मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली.

सोमवारी प्लॅनिंग मॅनेजरना म्हणालो, आठवड्याच्या मीटिंगला मुकादमांना बोलवू या. ते म्हणाले, "त्यांना काय कळतंय प्लॅनिंगमधलं?" आठ वर्षं झाली, ते वाक्य अजून टोचतं.

ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात बांधकामातल्या लीनची 'लास्ट प्लॅनर' पद्धत उभी केली, तिच्यात शेवटचा नियोजक म्हणजे प्रत्यक्ष काम करून घेणारा. पुढच्या काही आठवड्यांच्या कामांतले अडथळे आधी काढायचे, जे होण्यासारखं आहे त्याचाच वायदा घ्यायचा, आणि आठवडा संपला की किती वायदे पुरे झाले ते मोजायचं. त्यांच्या सुरुवातीच्या मोजणीत जेमतेम निम्मी कामं ठरल्याप्रमाणे होत होती. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मोजतच नाहीत.

पुढच्या साइटवर मी पाच मुकादम बसवले. दोन आठवडे कुणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात सुतारांचा मुकादम म्हणाला, "साहेब, सोमवार नको, प्लाय बदलायचंय. बुधवार धरा." बुधवार धरला. बुधवारी झालं.

कोर्स कुठलाही करा, फारसा फरक पडत नाही. सॉफ्टवेअर तर नंतरच घ्या, भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या पुरतात. तुमच्या ऑफिसात कुणी म्हणालं की त्यांना काय कळतंय, तर त्याला स्लॅबच्या दिवशी सकाळी सातला गेटवर उभं करा.

हो, एक राहिलं. ड्रॉइंग रोज बदलत असेल किंवा मुकादमाचं बिल तीन-तीन महिने अडकवलं असेल, तर यातलं काहीही चालणार नाही. ज्याचे पैसे थकलेत, तो वायदा कशाच्या जोरावर करणार?