वडिलांची 1986 ची पद्मिनी आहे. रनिंग बोर्ड (दारांखालची लांब पट्टी) आणि फ्लोअर गंजलेत. डेंटर म्हणतो पत्रा कापून नवीन टाकू, मित्र म्हणतो फायबर आणि पुट्टीने भागेल. काय करू आणि खर्च किती येईल?

पुट्टीने भागेल म्हणणारा हा मित्र तुमच्या नात्यातला आहे का? नसेल तर त्याला सरळ नाही म्हणा आणि डेंटरकडे गाडी लावा, विषय संपला. नात्यातला असेल तर अवघड आहे, मी त्यातून गेलोय, म्हणून तर एवढ्या रात्री हे टायपत बसलोय.

पद्मिनीला जीपसारखी खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, नसते हे तुम्हाला माहीत असेलच. फ्लोअर, रनिंग बोर्ड, पिलर, टप हे सगळं एकत्र वेल्ड केलेलं आहे आणि तीच चासी. रनिंग बोर्डच्या आत पत्रे जोडून पोकळ पेटी केलेली असते, ती गाडीला मधून वाकू देत नाही. तुमच्या मित्राला एवढंच करायला सांगा, गाडीला बाजूने जॅक लावायचा आणि त्या बाजूचं दार उघडून बंद करायचं. दार अडकलं किंवा वरची फट कमीजास्त झाली तर पेटी आतून गेली. मग त्यावर फायबर मारा नाहीतर सोन्याचा पत्रा मारा, काही फरक पडत नाही.

आमची 1984 ची. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, नंबर लावून नवी घेतलेली, क्रीम कलर. अण्णा गुहागरला डॉक्टर होते, पालशेत, हेदवी, वेळणेश्वर असे सगळीकडे व्हिजिटला जायचे, म्हणजे गाडीने जन्मभर समुद्राचा वारा खाल्ला, पावसात पेशंटचे नातेवाईक चिखलाच्या पायांनी आत बसायचे, रबरी मॅटखाली पाणी तसंच राहायचं. तरी पंचवीसेक वर्षं तिला फारसं काही झालं नाही, कारण अण्णा दर दिवाळीला मॅट काढून फ्लोअर उन्हात वाळवायचे आणि दारांच्या खालची पाणी जायची भोकं केरसुणीच्या हिराने साफ करायचे. हे फुकटातलं काम आहे आणि ते कोणी करत नाही. नंतर दवाखाना बंद केला, आम्ही चिपळूणला आलो, गाडी उभी राहायला लागली. उभ्या गाडीला गंज जास्त धरतो.

2016 च्या आसपास आमच्या पुण्याच्या भावोजींच्या डोक्यात आलं की सासऱ्यांची गाडी नव्यासारखी करून द्यायची. ओळखीचा वर्कशॉपवाला होता म्हणे. मी म्हटलं, चिपळूणला चाचा डेंटर आहेत, चाळीस वर्षं फियाटच, म्हणजे याच गाड्या, करतायत, त्यांना आधी खालून बघू द्या. तर भावोजी म्हणाले गावातले डेंटर हातोड्याने काम करतात, तिकडे सगळं प्रोफेशनल असतं. घरात जावयाचा शब्द आणि मुलाचा शब्द यात कोणाचा चालतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. गाडी टोईंगने पुण्याला गेली.

परत आली ती लाल होऊन. चकचकीत. आईने नारळ फोडला, शेजारीपाजारी फोटो काढून गेले. मी फ्रिजवरचं मॅग्नेट फडक्यात गुंडाळून रनिंग बोर्डवर फिरवलं तर पुढच्या चाकाच्या मागे वीतभर पट्ट्यात ते कुठेच धरेना. बोटाने वाजवलं तर आवाज बद्द. हे मी जेवताना सांगितलं. भावोजी म्हणाले, तू काय डेंटर आहेस का? आणि अण्णा म्हणाले, जावयांनी एवढं केलंय, खोट काढू नकोस. मी गप्प बसलो. पाच वर्षं गप्प बसलो.

मग 22 जुलै 2021. चिपळूणचा पूर सगळ्यांनी टीव्हीवर बघितला, आम्ही वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघितला. वाशिष्ठीचं पाणी गाडीच्या टपावरून गेलं. पाणी ओसरल्यावर आतमध्ये सीटच्या उंचीपर्यंत चिखल. भावोजींचा फोन आला, पहिलं वाक्य "सगळे सुखरूप ना" आणि दुसरं वाक्य "ती गाडी आता भंगारात देऊन टाका, त्यात काही उरलेलं नाही". बाकी सगळं विसरेन, हे दुसरं वाक्य नाही विसरणार.

पुराचा चिखल सुकू द्यायचा नसतो हे त्या आठवड्यात चाचांनी शिकवलं. त्यांचं स्वतःचं गॅरेज पाण्यात गेलं होतं, गॅसच्या टाक्या कुठल्या कुठे, तरी माणूस आला, फ्लोअरची रबरी बुचं काढली आणि मोटरचा पाइप लावून आतून धुवत राहिला. गाळ रनिंग बोर्डच्या पेटीत शिरून बसला की ओल वर्षभर जात नाही. तेवढं केलं म्हणून दारं, बोनेट, डिकी वाचली. पण गणपती झाले आणि लाल रंगावर फोड यायला लागले, खालच्या बाजूला, नेमके जिथे मॅग्नेट धरत नव्हतं तिथेच. पुट्टी पाणी पिते. वरचा रंग शाबूत असेपर्यंत समजत नाही, एकदा बारीक भेग पडली की पाणी आत, खालचा पत्रा गंजतो, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, तो वरचा थर उचलतो.

चाचांनी स्क्रू ड्रायव्हर लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. म्हणाले, "डाक्टर, हितं बोर्ड नाय, निस्ता रंग हाय." मग सगळं खरवडलं. आत जाळी, जाळीवर फायबर, फायबरवर बोटभर पुट्टी, आणि पोकळी भरायला कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. पुण्याचा पेपर! फ्लॅटच्या जाहिरातीचं पान, कोथरूड, बावधन, टू बीएचके, सगळं वाचता येत होतं. मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, एक शब्द लिहिला नाही खाली. भावोजींचं उत्तर आलं की पुराच्या पाण्यात काय काय वाहून येतं, पेपर तसाच आत गेला असेल. म्हणजे वाशिष्ठीने पुण्याची पुरवणी आणली, रनिंग बोर्डात कोंबली, वरून फायबर मारलं, पुट्टी घासली आणि लाल रंग मारून गेली. ताईने त्यावर अंगठा दिला, ते जास्त लागलं.

अण्णा मात्र खुर्ची टाकून गॅरेजच्या दारात बसले. डॉक्टर माणूस, गँगरीनवर बँडेज बांधून पाय वाचत नाही हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. चाचांना म्हणाले, चांगला भाग लागेपर्यंत काप, मला विचारू नकोस.

आता तुमच्या कामाचं. चाचांनी कसं केलं ते सांगतो, तुमचा डेंटर याच्या जवळपास काही बोलत असेल तर माणूस बरा आहे. आधी कापायला सुरुवात नाही केली. दारं जागेवर असताना सगळ्या फटी मोजून दारावरच खडूने लिहिल्या, मग दार काढून पुढच्या आणि मधल्या पिलरमध्ये लोखंडी अँगल आडवा टाके मारून बसवला, कारण बोर्ड कापला की गाडी मधून बसते आणि तशीच वेल्ड झाली तर दार जन्मात लागत नाही. एका वेळी एकच बाजू. डावी पूर्ण झाल्याशिवाय उजवीला हात नाही. कोणी दोन्ही बाजू आणि फ्लोअर एकदम कापून ठेवत असेल तर गाडी परत घेऊन या, खरंच.

पत्रा सीआर शीट (थंड लाटलेला साधा पोलादी पत्रा), बोर्डला आणि फ्लोअरच्या कडेला जिथे जोर येतो तिथे 18 गेज, बाकी 20 (गेज कमी तितका पत्रा जाड). गॅल्व्हनाइज्ड पत्रा कोणी सुचवेल, गंजत नाही म्हणून, पण वेल्ड करताना त्याचा जस्ताचा धूर वाईट, माणसाला ताप येतो, आणि जिथे वेल्ड होतो तिथलं जस्त जळूनच जातं, मग उपयोग काय. फ्लोअरच्या पत्र्याला मूळच्यासारख्या उठावाच्या पट्ट्या पाडून घ्या, सपाट पत्रा टाकला तर गाडी चालताना डबडब वाजतो.

वेल्डिंगवरून चाचांचं आणि माझं वाजलं. त्यांचा हात गॅस वेल्डिंगवर बसलेला, मी सीओटूचा, म्हणजे तारेच्या विजेच्या वेल्डिंगचा, आग्रह धरला. शेवटी आतली पेटी आणि फ्लोअर सीओटूने आणि बाहेरचा दिसणारा पत्रा गॅसने, आणि यात दोघांचंही बरोबर होतं. सीओटूचा सांधा कडक होतो, पत्र्यात उष्णता कमी पसरते. गॅसचा सांधा मऊ राहतो, त्यावर हातोडी आणि डॉली (मागून धरायचा लोखंडी ठोकळा) चालते, म्हणून पुट्टी कमी लागते. गावातले डेंटर हातोड्याने काम करतात, हो करतात, तेच तर हवं असतं! वेल्ड सलग ओढायचा नाही, इथे एक टाका, वीतभर पुढे दुसरा, निवू द्यायचं, परत मागे यायचं, नाहीतर पत्रा वाकडा होतो. कंपनीने जिथे स्पॉट वेल्डचे ठिपके मारलेत तिथे नव्या पत्र्याला भोकं पाडून ती वेल्डने भरायची.

आणि कोकणात उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही, सकाळी पिवळा होतो. घासला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. नुसत्या रेड ऑक्साइडवर विसंबू नका. पेटी बंद झाल्यावर आतून मेण फवारून घेतलं, चाचांना जळकं ऑइल ओतायचं होतं पण त्याने रबरं फुगतात. खालून डांबरी कोटिंग शेवटी, आणि ते मारताना पाणी जायची भोकं बुजवू नका, अर्धे लोक तीच बुजवतात आणि मग म्हणतात परत गंज कसा आला.

खर्च विचारलाय तुम्ही. गाडी न उघडता फोटोवरून जो ठोक आकडा सांगतो तो पुट्टीवाला. हे काम रोजावर किंवा टप्प्याटप्प्याने ठरवायचं, आधी खरवडून बघायचे पैसे, मग कापायचे. माझा अनुभव एवढाच सांगतो की चाचांनी घेतले ते पुण्याला दिलेल्या पैशांपेक्षा कमी होते, आणि पुण्याचे पैसे अण्णांचेच होते, भावोजींचे नव्हते, हे ग्रुपवर अजून कोणी बोललेलं नाही.

सुटे पार्ट मुंबईला कुर्ला, ऑपेरा हाऊसला, पुण्यात नाना पेठेत चौकशी करा. टॅक्सीचा कापलेला फ्लोअर कोणी स्वस्तात देईल, घेऊ नका. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 ला संपली, त्या गाड्यांनी वीस वर्षं मुंबईचा पाऊस खाल्लाय, त्यांचा पत्रा तुमच्यापेक्षा वाईट असेल. क्रोम, काचा, हँडल, दिवे मात्र तिथलेच घ्या.

आता एवढं बोललोय तरी पुट्टी म्हणजे विष नाही. चाचांनीही शेवटी मारली, दोनेक मिलिमीटर, चांगल्या पत्र्यावर. आणि तुमचा गंज नुसता वरवरचा असेल, स्क्रू ड्रायव्हर आत जात नसेल, तर कापायची गरजच नाही, घासून फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर आणि प्रायमर पुरे. म्हणजे तुमचा डेंटरही गरजेपेक्षा जास्त कापायला बघत असू शकतो, ते तुम्हीच टोचून बघा. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी उतरवा, आतलं कार्पेट बाहेर काढा, हे डेंटरला सांगावं लागू नये पण सांगा. रंगाचं काम पावसाळ्यात नको, दमट हवेत डुको रंग पांढरट पडतो.

आणि कलर बदलू नका. बदललात तर आरसीवर नोंद करावी लागते. आमची आरसीवर क्रीम आणि गेटवर लाल, पाच वर्षांच्या री-रजिस्ट्रेशनला कोणी धावपळ केली ते विचारू नका, पुण्याहून कोणी आलं नव्हतं. आता ती परत क्रीम आहे. चासी नंबर जिथे ठोकलाय तिथे ग्राइंडर आणि पुट्टी दोन्ही लागू देऊ नका, इन्स्पेक्टर तिथेच पेन्सिल घासून छाप घेतो. विंटेजची व्हीए नंबर प्लेट मिळेल का असं पुढचं विचाराल, तर ती 50 वर्षांनंतर, म्हणजे तुमची 2036 ला.

गाडीखाली झोपून काढलेले फोटो टाका, मग अजून काही सांगता येईल. वरून काढलेले नकोत.