रामा राघोबा राणे लष्करातले इंजिनियर होते, मग परमवीर चक्र कशासाठी?

शत्रूच्या गोळीबारात सलग 4 दिवस सुरुंग आणि अडथळे काढून जम्मू-काश्मीरमधला नौशेरा-राजौरी रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा केला, म्हणून. हे 8 ते 11 एप्रिल 1948 चं काम. बंदूक चालवणं त्यांच्या वाट्याला फारसं आलंच नाही. पण उघड्यावर, शत्रूच्या नजरेसमोर, सुरुंग हुडकत बसायला जास्त छाती लागते असं माझं मत.

परमवीर चक्राच्या सन्मानपत्रात दिवसवार, अगदी तासवार नोंद आहे. पहिल्याच दिवशी काम सुरू होण्याआधी उखळी तोफांचा मारा झाला, तुकडीतले दोन जण ठार आणि राणेंसह पाच जखमी. त्यांनी उरलेली माणसं गोळा केली आणि रात्री दहापर्यंत काम केलं. पुढे वाटेत पाइनची झाडं आडवी टाकलेली होती, ती स्फोटकांनी उडवली. 10 तारखेला पहाटे पावणेपाचला पुन्हा सुरू, मशीनगन चालू असतानाच. त्याच दुपारी रणगाडे नदीपात्रातून राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले, तरी मागून येणाऱ्या गाड्यांसाठी रस्ता करणं राणेंनी थांबवलं नाही.

एक मात्र: रणगाड्याखाली सरपटत जाऊन दोरीने चालकाला इशारे दिल्याची जी गोष्ट सगळीकडे सांगतात, ती या सन्मानपत्रात नाही. शिवाय पहिल्या दिवशी वाटेतली बरवालीची डोंगरधार पायदळाने जिंकली नसती तर रस्ता पुढे सरकलाच नसता. आणि हो, मेजर ते पुढे झाले, तेव्हा सेकंड लेफ्टनंट होते.