मूळ नोंदीला हात लावू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू ओट्यावर बसून अमेरिकेच्या व्हिसासाठी पिशवीतून एकेक कागद काढत होतीस, तेव्हा मी फार बोललो नाही. तुझी आई शेजारी होती, तिच्यासमोर तुला रागवायचं नव्हतं. शिवाय माझं लक्ष कागदांवरच होतं. एकाच मुलीची तीन नावं निघाली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, पासपोर्टावर तेच पण आडनावात ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’, आणि लग्नाच्या दाखल्यावर सासरच्यांनी तांदळात लिहिलेलं तिसरंच. जन्माच्या दाखल्याची तर झेरॉक्ससुद्धा नव्हती. “तो एजंट करून देतो म्हणाला, गुरुजी,” असं तू अगदी सहज म्हणालीस. त्या वाक्याने दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

करून देतो म्हणजे काय? जन्माचा दाखला कोणी करून देत नसतं, पोरी. जन्माची नोंद असते आणि दाखला म्हणजे त्या नोंदीची नक्कल. ती नोंद तू डोळ्यांनी पाहिली आहेस का? तुझ्या बाबांनी पाहिली आहे? एजंटाने तर आपलं गावही पाहिलेलं नाही. मूळ नोंद पाहिल्याशिवाय फॉर्मात एक अक्षर भरायचं नाही. हे पत्रात तुला पुन्हा पुन्हा वाचावं लागेल, कंटाळू नकोस.

तुझं काम कुठवर आलंय ते आधी नीट समजून घे, कारण तू सगळ्याचा एकच गोळा करून घाबरली आहेस. जावईबापूंनी, म्हणजे तुझ्या नवऱ्याने, तुला बोलावून घेण्यासाठी तिकडे भरला तो आय-१३० अर्ज. ते अमेरिकेचे नागरिक झाले आहेत, त्यामुळे तुझ्या व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. नुसतं ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, असतं तर नंबर लावून थांबावं लागलं असतं. तो अर्ज मंजूर होऊन प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी फी आणि कागद गोळा करणाऱ्या तिकडच्या सरकारी केंद्राकडे, गेलंय आणि बीएमबी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक आलाय, म्हणजे मुलाखत मुंबईला. आता ३२५ डॉलर व्हिसाचे आणि १२० डॉलर आर्थिक हमीपत्राचे भरायचे. ते अमेरिकेतल्या बँक खात्यातून जातात, म्हणजे ते काम त्यांचं. हमीपत्र, तो आय-८६४, तेही त्यांचंच. तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न त्यांना दाखवावं लागतं. पण एक गोष्ट तुलाही ठाऊक असू दे. ती हमी एकदा दिली की तू नागरिक होईपर्यंत किंवा तुझ्या कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, भरेपर्यंत राहते, घटस्फोटानेसुद्धा सुटत नाही. हे मुलीच्या बाजूचं कोणी तिला सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

तुझ्या वाट्याला उरतो डीएस-२६०, म्हणजे व्हिसासाठी तू स्वतः भरायचा फॉर्म, आणि तुझे कागद. इथेच माझा जीव अडकला आहे.

माझ्या घरची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. माझी मुलगी अमेरिकेला ‘उशिरा गेली’ एवढंच गावात बोललं जातं. का उशिरा, ते मी कोणाला सांगितलं नाही.

ती जन्मली १९८१ च्या ऑक्टोबरात, कोजागिरीच्या पुढेमागे. १९८६ च्या जूनमध्ये मी तिला माझ्याच शाळेत पहिलीत घातलं. वय चार-साडेचार महिने कमी पडत होतं. दाखल-खारीज रजिस्टर माझ्याच हातात. मी लिहिलं, १ जून १९८१. निब बुडवून, छान वळणदार अक्षरात. आपल्याकडच्या निम्म्या लेकरांचा वाढदिवस एक जूनला का येतो, ते आता तुला कळलं असेल. माय वावरातून थेट शाळेत यायची, ओटीत कापूस तसाच, आणि विचारलं की म्हणायची, “पोळ्याच्या मांगं चार दिसानं झालं जी गुरुजी.” कोणत्या सालचा पोळा? ते तिला सांगता येत नसे. मी तारीख लिहिली नसती तर ते पोर गुरांमागे गेलं असतं. त्या पोरांबद्दल मला अजूनही अपराधी वाटत नाही, हे मी स्पष्ट लिहितो. पण माझ्या मुलीची तारीख मला माहीत होती. माहीत असून मी दुसरी लिहिली.

पुढे त्याच दाखल्यावर तिचा पासपोर्ट निघाला. लग्न झालं, नवरा नागरिक, तुझ्यासारखंच. शहरातल्या एका एजंटाने फॉर्म भरला, तिने सही केली, मी वाचला नाही. हजारो मुलांना ‘आधी प्रश्न वाचा’ म्हणून हातावर छड्या मारणारा मी, पोटच्या मुलीचा फॉर्म वाचला नाही. २००७ साल होतं. वकिलात तेव्हा ब्रीच कँडीला होती, बीकेसीत, वांद्रे-कुर्ला संकुलात, ती २०११ ला गेली. पावसात मी बाहेर भुलाभाई देसाई रोडवर उभा. ती बाहेर आली तेव्हा हातात व्हिसाऐवजी एक चिठ्ठी होती. पासपोर्टावर जून, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर ऑक्टोबर. फरक का, असं विचारल्यावर तिला उत्तर देता आलं नाही, कारण तिला फरक आहे हेच माहीत नव्हतं. २२१(जी) म्हणतात त्या नकाराला. कायमचा नसतो, पण मागितलेलं देईपर्यंत प्रकरण जागचं हलत नाही.

गावी आल्यावर एजंट म्हणाला, ग्रामपंचायतीतली तारीखच जून करून घेऊ, दाखला जुळला की काम झालं. माणूसही तयार होता. मी म्हटलं, आधी मला ती नोंद पाहू दे.

ते रजिस्टर मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. कापडी पाठ सुटलेली, कोपरे वाळवीने खाल्लेले, पानं उलटताना बोटांना भुकटी लागत होती. मुलीच्या नावाचा रकाना कोरा होता, नुसतं ‘मुलगी’. आणि उजवीकडे, खबर देणाऱ्याच्या रकान्यात, माझ्या बाबांची सही. ते दोन इयत्ता शिकलेले, सही करताना ओठ हलायचे त्यांचे. नात झाली म्हणून धोतर झटकून, चार कोस चालून, स्वतः खबर द्यायला गेले होते. त्या पानावर खाडाखोड करायची? मी रजिस्टर बंद केलं आणि नाही म्हणालो.

त्या नाहीपायी चौदा महिने गेले. पासपोर्ट खऱ्या तारखेने दुरुस्त करून घेतला. शाळेच्या रजिस्टरात तारीख मीच, अमुक कारणाने, चुकीची लिहिली असं प्रतिज्ञापत्र मी सहीने दिलं. पेन्शन जवळ आलेल्या मुख्याध्यापकाने तसं लिहून द्यायचं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. चौदा महिने हिने, मुलीच्या आईने, मुलीसाठी शिवलेली गोधडी बॅगेत भरली, काढली, उन्हात टाकली, परत भरली. माझ्याशी कामापुरतं बोलायची. मुलगी एकदा म्हणाली, “बाबा, तुम्हाला माझ्यापेक्षा रजिस्टर प्यारं.” अठरा वर्षं झाली, ते वाक्य गेलं नाही.

तरीही सांगतो, तेव्हा मी बरोबर होतो. अमेरिकेच्या कायद्यात व्हिसासाठी महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितलं असं ठरलं तर दार जन्मभरासाठी बंद होऊ शकतं. त्यातून सूट मागता येते, पण ती मिळेलच असं नाही. कागदांची गावपातळीवर पडताळणीही होऊ शकते. चौदा महिन्यांची वाट भरून निघते, बंद झालेलं दार कोणी उघडायचं? हिला मी हे कितीदा समजावलं. तिला पटलं की नाही, अजून ठाऊक नाही.

म्हणून तुला म्हणतो, मूळ नोंद पाहा आणि मूळ नोंदीला हात लावू नकोस. चूक असेल तर दुरुस्तीचा रस्ता कायद्यातच आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, त्यातलं कलम १५ वाच. दुरुस्ती समासात लिहायची, सहीतारखेनिशी, आणि मूळ लेखन जसंच्या तसं ठेवायचं. किती शहाणपणाने लिहिलंय बघ. रकान्यात तुझं नाव नसेल, नुसतं ‘मुलगी’ असेल, तर कलम १४ खाली नाव भरता येतं. मुदत पंधरा वर्षांची, ती तुझी टळली, तेव्हा आता मार्ग काय हे ग्रामसेवकालाच विचारू, एजंटाला नाही. आणि नोंदच सापडली नाही, तर नोंद नसल्याचा दाखला मागायचा. त्याच्या जोडीला शाळेचा दाखला आणि तुझा जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. ‘नोंद नाही’ हासुद्धा खरा कागद आहे. नवी नोंद कोणी ‘बसवून’ देत असेल तर त्याच्या सावलीलाही उभी राहू नकोस.

आता तुझी तीन नावं. तू रडलीस ती यावरून, आणि खरं तर रडण्यासारखं त्यात काहीच नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे तर तसाच राहू दे, व्हिसा पासपोर्टावरच्या नावाने मिळतो. सासरचे म्हणतात म्हणून आत्ता घाईने नाव बदलू नकोस. सासूबाई रागावल्या तर माझं नाव सांग, मी बोलेन त्यांच्याशी. डीएस-२६० मध्ये स्पष्ट विचारलेलं असतं, आणखी कोणती नावं वापरलीत का? त्या जागी एजंट डोळे मिटून ‘नाही’ टाकतात. तू तिथे पासपोर्टाखेरीजची दोन्ही लिही, व्हीवालंसुद्धा. तीन नावं असणं हा गुन्हा नाही, विचारल्यावर लपवणं अंगाशी येतं. लग्नाच्या दाखल्यावर तुझं माहेरचं नाव कुठे आहे का तेही पाहावं लागेल. तो दाखला ग्रामपंचायतीतूनच दिलाय, म्हणजे त्याचंही मूळ तिथेच आहे. बघ, पुन्हा मूळ नोंद.

त्याच फॉर्मात सोळाव्या वर्षापासून कुठेकुठे राहिलीस ते सगळं लागतं. अमरावतीचं होस्टेल, नागपूरची भाड्याची खोली, सगळं. आठवत नाही म्हणू नकोस. जुनी पासबुकं काढ, घरमालकाला फोन कर. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून घ्यायचा, ठाण्यातून चौकशी येईल, तेव्हा घरी थांब. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर मी करीन. नोटरीचा शिक्का त्याला लागत नाही. दोन्ही भाषा येणाऱ्याने, भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे, असं लिहून सही करायची. पानाला शंभर रुपये कोणाला देऊ नकोस. माझे डोळे अजून चालतात.

वैद्यकीय तपासणी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. छातीच्या फोटोत काही शंका आली तर तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरचा, म्हणजे त्या नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा, निकाल यायला दोन महिने लागतात. आपल्या भागात क्षयरोग किती घरांत होऊन गेलाय ते तुला सांगायला नको, तुझ्या मामांचं आठव. घाबरायचं नाही, पण त्या हिशेबाने वेळ धर. व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नकोस, नोकरीचा राजीनामा देऊ नकोस. निरोप समारंभ तर मुळीच नको. माझ्या मुलीचा झाला होता, शालही पांघरली होती, आणि मग चौदा महिने ती त्याच गल्लीतून पाणी आणत होती.

मुलाखतीची पाठांतरं बंद कर. त्या एजंटाने तुला प्रश्नोत्तरांचे बारा कागद दिलेत, ते चुलीत घाल. नवरा काय करतो, कधी भेटलात, लग्न कुठे झालं, हे तुला पाठ करावं लागतं का? मराठीत बोलायचं असेल तर तसं सांग, त्यात कमीपणा नाही. पत्रिका, दोन्हीकडची माणसं असलेले फोटो, त्यांच्या येण्याजाण्याची तिकिटं जवळ ठेव. तुझं लग्न खरं आहे, मी स्वतः अक्षता टाकल्यात. खऱ्याला सराव कशाला हवा?

एक पुढचंही सांगून ठेवतो, कारण तिकडे गेल्यावर तू माझं ऐकणार नाहीस. तू पोहोचशील त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच मिळेल. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा असतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारीख लिही, पहिल्याच दिवशी.

रागावून लिहिलं गेलं असेल. पण तू पाचवीत असताना फळ्यावरचा माझा चुकलेला हिशेब उभं राहून दाखवला होतास. आख्ख्या वर्गात तू एकटी. ती मुलगी कुठल्याशा एजंटाच्या कोऱ्या फॉर्मावर सही करते म्हणाली, त्याचा मला राग आला. तू सही केली नसशील अशी आशा आहे. केली असशील तर तो फॉर्म आधी परत घे, भांडून घे, पैसे बुडाले तर बुडू दे.

तुझा शाळेतला दाखलाही मीच लिहिलेला आहे. तारीख जूनची आहे, ती मी परवाच पाहिली, आणि तुझ्या आईला काही विचारलं नाही. ग्रामपंचायतीत वेगळी निघाली तर प्रतिज्ञापत्र मी देईन. आता तर पेन्शनीचीही भीती नाही.

ग्रामसेवकाकडे तीन गावं आहेत, आपल्याकडे तो मंगळवारी बसतो. सकाळी दहाला पंचायतीच्या पायरीवर ये. आधारकार्ड, कोरे कागद आणि बाबांना घेऊन ये, फोटोकॉपीसाठी सुटे पैसे ठेव. रजिस्टर काढायला तो कंटाळा करील, पण माझ्यासमोर नाही म्हणणार नाही. तुझं पान तू स्वतः उलट.

तुझा,
गुरुजी