पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातल्या सांतु इल्देफोन्सु चर्चवरच्या निळ्या फरशा चर्चइतक्याच जुन्या आहेत का?

नाही, चर्च 1739 मध्ये पूर्ण झालं आणि दर्शनी भिंतीवरच्या फरशा 1932 मधल्या आहेत. चित्रकार जॉर्ज कोलासो. पोर्तोच्याच साव बेंतू रेल्वे स्टेशनातली भव्य फरशीचित्रंही त्यांचीच. इथे सुमारे 11,000 फरशा आहेत आणि त्यांवर ज्यांच्या नावाचं हे चर्च आहे त्या संत इल्देफोन्सुंचं चरित्र रंगवलं आहे. नीट पाहिलंत तर खिडक्यांच्या चौकटी, कोपरे, कंगोरे हे सगळं करड्या ग्रॅनाइटचं दिसेल; मूळ बरोक (नक्षीदार, भपकेदार शैलीतली) इमारत ती, आणि फरशा त्या दगडांमधल्या मोकळ्या भिंतीवर बसवल्या आहेत. आतली मुख्य वेदी मात्र अठराव्या शतकातलीच: आराखडा वास्तुकार निकोलाउ नाझोनी यांचा, साल 1745. ती चुकवू नका, बरेच जण बाहेरूनच फोटो काढून निघून जातात.

जुन्या इमारतीवर नंतर फरशा बसवल्याचं पोर्तोत इतरत्रही दिसतं: कार्मो चर्चची बाजूची भिंत 1912 मध्ये फरशांनी मढली, अल्मास चॅपल 1929 मध्ये. पण म्हणून पोर्तुगालमधलं सगळंच निळं काम अलीकडचं समजू नका. दक्षिण पोर्तुगालमधल्या अल्मान्सिल गावच्या साव लोरेन्सू चर्चच्या आतल्या फरशा खरोखरच 1730 च्या आहेत.