मामा गेले तसं आता जाता येतं का?

प्रश्न: नमस्कार. आम्ही सांगलीचे. बायको नवजात बाळांच्या आयसीयूत नर्स आहे, वय ३४. माझे मामा नव्वदच्या दशकात रोटरीच्या टीममधून महिनाभर अमेरिकेला जाऊन आले, तिकीटसुद्धा रोटरीनेच काढलं आणि ते मेंबरही नव्हते! हिलाही तसंच जायचंय, तिथल्या वॉर्डात काम कसं चालतं ते बघायचंय. आम्ही घरात कुणीच रोटरीत नाही. अर्ज कुठे करायचा? एक एजंट म्हणतो रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, मी करून देतो. खरं का?

उत्तर: एजंटला आधी नमस्कार करून घरी पाठवा. रोटरीत अशी निवड क्लब आणि डिस्ट्रिक्टमधूनच होते (डिस्ट्रिक्ट म्हणजे बऱ्याच क्लबांचा मिळून रोटरीचा विभाग, आपला सरकारी जिल्हा नव्हे), एजंटचं तिथे काही काम नसतं.

आता मामांचं. ते गेले ते बहुतेक जीएसईतून, म्हणजे ग्रुप स्टडी एक्स्चेंज. रोटरी फाउंडेशनने, म्हणजे रोटरीच्या पैसे देणाऱ्या संस्थेने, हे १९६५ मध्ये सुरू केलं. दोन देशांतल्या डिस्ट्रिक्टची जोडी लावायची, यांची टीम तिकडे, त्यांची इकडे. टीम लीडर तेवढा रोटेरियन, बाकीचे नोकरी-धंद्यातले तरुण आणि ते मुद्दाम मेंबर नसलेलेच. चार ते सहा आठवडे. विमानाचं भाडं फाउंडेशनचं, राहणं-जेवण यजमान क्लबवाल्यांच्या घरी, आज या गावात तर चार दिवसांनी दुसऱ्या. मजा होती पण दमछाकही तेवढीच, कारण दिवसा आपापल्या पेशातल्या लोकांसोबत काम बघायचं आणि संध्याकाळी क्लबच्या मीटिंगला उभं राहून आपल्या गावाबद्दल बोलायचं. तरी एखाद्या शिक्षकाला किंवा इंजिनिअरला खिशात पैसे नसताना परदेशातलं ऑफिस आतून बघायला मिळायचं, हे मला त्यातलं सगळ्यात भारी वाटतं.

पण २०१३ मध्ये फाउंडेशनने ग्रँटची पद्धतच बदलली आणि जीएसई बंद केलं. त्यामुळे तसा अर्ज आता नाही.

त्याच्या जागी आली व्होकेशनल ट्रेनिंग टीम. वरवर सारखंच वाटतं पण मामला वेगळा. इथे नुसतं बघून येणं चालत नाही. टीमने तिकडे जाऊन शिकवायचं किंवा शिकून यायचं, आणि त्याचा फायदा नंतर कुणाला होणार ते आधी कागदावर दाखवायचं. त्यासाठी ग्लोबल ग्रँट, म्हणजे फाउंडेशनचं मोठ्या प्रकल्पांसाठीचं अनुदान, घ्यायची तर दोन देशांतले क्लब भागीदार लागतात, प्रकल्पाचं बजेट कमीत कमी ३०,००० डॉलर. विषयही ठरलेले, पण माता-बालआरोग्य त्यात आहे, म्हणजे तुमच्या मिसेसचं काम बरोबर बसतं! एकटीने मात्र जमणार नाही, टीमच लागते.

म्हणून 'मला परदेशी पाठवा' असं म्हणत क्लबात जाऊ नका, दारातूनच परत याल. ताईंनी एक पान लिहावं: आमच्या युनिटमध्ये अमुक अडचण आहे, तमुक शिकलो तर इतक्या नर्सेसना पुढे शिकवता येईल. सोबत हॉस्पिटलचं पत्र असलं तर उत्तमच, नाहीतरी रजेसाठी मेट्रनला विचारावंच लागणार आहे. मग ते घेऊन जवळच्या क्लबच्या फाउंडेशन कमिटीवाल्यांना भेटा. सांगली ३१७० डिस्ट्रिक्टमध्ये येते, कोल्हापूर, बेळगाव, गोवा सगळं त्यातच, त्यामुळे टीमसाठी बाकीच्या नर्सेस-डॉक्टर शोधायला टापू मोठा आहे. ग्रँटला वेळ लागतो, दिवाळीत विचारून मे महिन्यात विमानात असं होत नाही.

आणि खरोखर फक्त बघूनच यायचं असेल तर रोटरीचंच फ्रेंडशिप एक्स्चेंज आहे. त्यात मेंबर नसलेल्यांनाही घेतात, राहायला तिकडच्या मेंबरांची घरं, पेशाचा विषय धरूनही टीम काढता येते, पण तिकीट स्वतःच्या खिशातून. दोघांनी जायचं असलं तर मला वाटतं हेच सोपं पडेल, फक्त वॉर्ड बघायचा असेल तर तिकडच्या क्लबाला आधीच कळवून हॉस्पिटलची परवानगी काढायला सांगा. बाळांच्या आयसीयूत पाहुण्यांना कुणी सहज आत सोडत नाही, हे ताईंनाच जास्त माहीत.