उत्तेजक नव्हे हो! आणि गुर्द्याची गोष्ट

प्रश्न आलाय की ‘अ‍ॅड्रेनर्जिक’ (म्हणजे अ‍ॅड्रेनलिन या संप्रेरकासारखं काम करणाऱ्या) औषधांना मराठीत ‘उत्तेजक औषधं’ म्हटलं तर चालेल का. नाही चालणार, हे ‘उत्तेजक’ ऐकून कान किटलेत. नाक चोंदल्यावर आपण झायलोमेटाझोलिनचे थेंब टाकतो ना, ते याच घराण्यातले, नाकातल्या रक्तवाहिन्यांच्या अल्फा रिसेप्टरवर (पेशीवरची अ‍ॅड्रेनलिन चिकटायची जागा) बसतात, वाहिन्या आवळतात, नाक मोकळं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल बीटा-२ रिसेप्टरवर बसतं आणि श्वासनलिका सैल सोडतं, म्हणजे बरोबर उलटं. हे अल्फा-बीटा १९४८ साली औषधशास्त्रज्ञ आल्क्विस्टने वेगळे काढले. आता सैल पडलेल्या नळीला उत्तेजित म्हणायचं का?

असो, मजा पुढे आहे. अ‍ॅड्रेनलिनमधला ‘रेन’ लॅटिन, म्हणजे मूत्रपिंड. अमेरिकेतलं त्याचंच नाव ‘एपिनेफ्रिन’ ग्रीक, एपि म्हणजे वर, नेफ्रॉस म्हणजे पुन्हा तेच. ते बनवणारी आपली अधिवृक्क ग्रंथी, अधि (वर) अधिक वृक्क (मूत्रपिंड), तोच पत्ता. आणि हा वृक्क वेदातला बरं का, त्याचा इराणी भाऊ फारसीत गेला तिथे सुरुवातीच्या व चा ग झाला (आपला वृक म्हणजे लांडगा तिकडे गुर्ग होतो, तसंच), आणि झाला गुर्दा! तोच मराठीत येऊन हिंमत होऊन बसला.

मागे एका सरांनी भाषणात गुर्दा ‘गुरगुरणे’वरून आला असं ठोकून दिलं. सर, नाशिकच्या भद्रकालीत मटणवाल्याकडे गुर्दा मागून बघा, तो गुरगुरणार नाही, कापून देईल.

हरिहर किल्ल्याच्या उभ्या कातळपायऱ्यांवर मध्यंतरी एक पोरगा ‘अ‍ॅड्रेनलिन रश!’ म्हणून ओरडला, मागून चढणाऱ्या आजी म्हणाल्या, गुर्दा लागतो रे बाबा याला. दोघं एकच बोलत होते! हिंमतीची जागा लोकांनी मूत्रपिंडात उगाच धरली नाही, ही ग्रंथी तिथेच टोपीसारखी बसलीये, असं माझं ठाम मत. बायको म्हणते, मग जिगर कशाला म्हणतात, ते तर यकृत, तिथे कुठे अ‍ॅड्रेनलिन बनतं? (जिगर नि यकृत हेही भाऊच.) बनत नाही, पण पोचतं ना! यकृतावर याचे रिसेप्टर आहेत, ते साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतात, त्याशिवाय हरिहर चढवेल का?

हां, शब्द राहिलाच. ‘अ‍ॅड्रेनर्जिक’च लिहा, केमिस्टला तेवढंच कळतं.